मासा नाही तर खवला

आठवा दिवस. फोनपाशी मी आणि एक थर्मास.
भिंतीवर पुठ्ठ्याचा तापमापक,
त्यातला लाल पारा आम्हीच रंगवतो, शाळेतून आणलेल्या ब्रशनं.
काल रात्री तो गुडघ्याशी होता,
म्हणजे माझ्या गुडघ्याशी. मात्वे उंच आहे.

वॉशिंग्टनचं पत्र जुलैत आलं.
तेव्हा सामन नदी चढत होते, वाचायला सवड कुणाला?
पत्रात आमच्या बेटाचं नाव नव्हतं.
एक आकडा होता, त्याच्यामागे इतकी शून्यं
की त्यातल्या कुठल्या शून्याच्या पोटात आपण बसलो होतो
ते मात्वेला दोनदा चष्मा पुसूनही सापडलं नाही.
आमच्या शंभरातले त्रेसष्ट.
कुणीतरी रेघ मारली. गेले.

मग आम्ही मग मागवले.
सगळी केंद्रं तेच करतात: पन्नास डॉलरला मग,
शंभरला कापडी पिशवी.
खोकं बोटीनं आलं, निम्म्यांचे कान तुटलेले.
म्हटलं, पंचवीसला बिनकानाचा.
त्यालाच जास्त गिऱ्हाईक.

मात्वे वाऱ्याचा वेग सांगतो तेव्हा
सगळं बंदर दोर आवळतं.
तोच मात्वे पैसे मागायला लागला
की त्याच्या घशात काटा अडकतो.
तो खोकतो, भरतीच्या वेळा पुन्हा एकदा वाचतो.

पेलागियाचा फोन. पाच डॉलर.
आणि मंगळवारचा निरोप पोचला का, म्हणून.
पोचला असेल, मी म्हणते.
तिकडे पलीकडच्या खाडीत फोन लागत नाही,
निकोन संध्याकाळी सातला रेडिओ लावतो, एवढंच आम्हाला ठाऊक:
"निकोनसाठी. पीठ बोटीत ठेवलंय.
कुत्र्याचे टाके निघाले.
आई बरी आहे, म्हणजे आहे तशी."

व्हर्ननचा फोन.
"सरकारनं रेडिओ पोसावा कशाला?
मी तुमच्या बातम्यांना रोज सहा वाजता शिव्या घालतो."
रोज?
"रोज."
मग जरा वेळ नुसता त्याचा श्वास.
"वीस लिही. बातम्यांसाठी नाही.
बातम्यांसाठी एक सेंटही नाही, तसं लिही."
मी तसं लिहिलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री जमीन हलली.
मात्वे लोकरी पायजम्यात धावत आला
आणि चाळीस मिनिटं एकच वाक्य वाचत राहिला:
शाळेच्या टेकडीवर जा, गाडीसाठी थांबू नका.
टेकडीवर आम्ही दोनशे अकरा माणसं,
कुणाच्या तरी कोटाच्या खिशात त्याचा आवाज.
पाणी आलं नाही.
न आलेल्या पाण्याचा हिशेब
अर्जातल्या कुठल्या रकान्यात भरायचा, 
हे विचारायला मी तीनदा फोन केला.
तिकडे संगीत लावून ठेवतात. चांगलं असतं.

फुलं इथे जूनपर्यंत नसतात,
तेव्हा पाकळीची भाषा आम्हाला जमत नाही.
माझी मावशी म्हणायची, मासा नाही तर खवला द्या.
तर खवले येतायत:
धुरावलेल्या सामनच्या नऊ बरण्या,
अँटेनाचा बर्फ खरवडायला दोन पोरं, शनिवारपुरती,
एक जनरेटर, "चालला तर तुमचा."
हे मी पाऱ्यात कसं रंगवू?
मात्वे म्हणतो, बरण्यांच्या उंचीएवढं रंगव.

पावणेबारा. त्यानं माइक बंद केला
आणि ट्रान्समीटरचं बटण विसरला,
किंवा विसरला नाही, मी विचारलं नाही.
फोन वाजला. बाई होती, आवाज ओळखीचा नव्हता.
"काहीच लागत नाहीये. नुसती घरघर येतेय."
हो. चुकून चालू राहिलंय. बंद करते.
"नको," ती म्हणाली.
मी पेन उघडलं, नाव विचारणार होते,
पण तिनं रिसीव्हर रेडिओजवळ ठेवला असावा,
कारण मला इथे, माझ्याच कानात,
आमचीच घरघर ऐकू यायला लागली.